विंचवाचे बिऱ्हाड मोटारीच्या पाठीवर

'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण आपल्याकडे बहुधा कीव करण्यासाठी वापरली जाते. दर तीन वर्षांनी बदली होणारा सरकारी नोकर, त्याच्या ट्रंका, वळकट्या, सुतळीने बांधलेला पोळपाट आणि नव्या गावी भाड्याची खोली शोधता शोधता मेटाकुटीला आलेली त्याची बायको, असे काहीसे चित्र ही म्हण ऐकताच डोळ्यांपुढे येते. घर जमिनीत रुजलेले असावे, त्याला उंबरठा असावा, अंगणात तुळस असावी, ही आपली गृहस्थाश्रमाची कल्पना. पाठीवर घर घेऊन हिंडणे ही आपल्या लेखी हौस नव्हे, आपत्ती आहे.

अमेरिकेत मात्र हे बिऱ्हाड लोक हौसेने पाठीवर घेतात. स्वतःच्या पाठीवर नव्हे, मोटारीच्या! तेथे पिकअप नावाची गाडी घरोघर दिसते. पुढे चालकाची आणि दोनचार माणसांची खोली, मागे उघडा हौदा. आपल्याकडे अशा गाडीतून दुधाचे कॅन आणि भाजीच्या पाट्या जातात. तिकडे या हौद्यात एक आयते घरकुल बसवतात. त्याला कॅम्पर म्हणतात. आत गॅसची शेगडी, भांडी घासण्याचे बेसिन, पाण्याची टाकी, बसण्याचा बाक, चालकाच्या डोक्यावर पुढे आलेल्या माळ्यावर ऐसपैस बिछाना. काहींत न्हाणीघरसुद्धा! सहल संपली की घरकुलाचे चार लोखंडी पाय खाली सोडायचे, ते जमिनीवर उभे राहिले की खालून गाडी काढून घ्यायची आणि सोमवारी त्याच गाडीने कामावर जायचे.

ऐकायला किती सोपे! परंतु या सोपेपणाच्या तळाशी एक अवघड प्रश्न दडलेला आहे. घराचे ओझे शेवटी कोणाच्या जिवावर? हा लेख त्या प्रश्नाविषयी आहे. मी मराठी शिकवणारा माणूस. यंत्रविद्येशी माझा संबंध नाही. पण हा विषय मला भेटला तो प्रथम साहित्याच्या वाटेने, आणि मग घरातल्या माणसांच्या वाटेने.

रोसिनांतेचे टायर

जॉन स्टाइनबेक या अमेरिकन कादंबरीकाराने १९६० साली, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, आपला देश पुन्हा एकदा डोळ्यांनी पाहायचे ठरवले. त्यासाठी त्याने जीएमसी कंपनीची नवी कोरी पिकअप घेतली, तिच्यावर कॅम्पर चढवला आणि चार्ली नावाचा आपला पूडल जातीचा कुत्रा बरोबर घेऊन तो निघाला. गाडीचे नाव त्याने ठेवले 'रोसिनांते'. डॉन किहोतेच्या हाडकुळ्या घोड्याचे हे नाव. सुमारे दहा हजार मैलांच्या या प्रवासावरचे त्याचे पुस्तक १९६२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. पुस्तकातला वृत्तान्त किती खरा आणि किती रचलेला यावर पुढे वाद झाले, ते असोत. ती गाडी मात्र खरी आहे. कॅलिफोर्नियातल्या सॅलिनस या स्टाइनबेकच्या जन्मगावी, त्याच्या नावाच्या संग्रहालयात ती आजही ठेवलेली आहे.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, सगळ्याच प्रवाशांची होते तीच चूक या थोर लेखकाचीही झाली. त्याने सामान फार घेतले. पुस्तके घेतली, हत्यारे घेतली, गळ घेतले, पाहुणचारासाठी बाटल्या घेतल्या. शेवटी ओरेगन राज्यात, एका पावसाळी रविवारी, मागचे टायर फुटले. दुकाने बंद, चिखल माजलेला, आणि हवे होते ते अधिक भार पेलणारे टायर! एका पेट्रोल पंपावरच्या भल्या माणसाने इकडेतिकडे फोन करून ते मिळवून दिले म्हणून निभावले. वाङ्मयाच्या अभ्यासकाला हा प्रसंग परोपकाराची कथा म्हणून आठवतो. यंत्रकाराला तो वजनाचा हिशेब म्हणून आठवेल.

कमान: धनुष्याची आणि गाडीची

आपल्या बैलगाडीला कमानी नसतात. आखावर साटा, साट्यावर माणसे आणि माणसांच्या मणक्यात प्रत्येक दगड! टांग्याला कमानी आल्या आणि प्रवासी सुखावला. 'कमान' हा शब्द फारसीतून आला. तेथे त्याचा अर्थ धनुष्य. घड्याळात असते ती कमान, दारावर असते ती कमान आणि ट्रकच्या चाकाजवळ असते तीही कमानच. ओढले वा दाबले असता ताण साठवायचा आणि सोडले की परत द्यायचा, हा धनुष्याचा धर्म गाडीच्या कमानीनेही उचलला आहे. पोलादाच्या लांब-आखूड पट्ट्या एकीखाली एक रचून, मधोमध आवळून त्या आसाला बांधतात. या पट्ट्यांना आपले ट्रकवाले 'पाटे' म्हणतात. इंग्लंडात ओबाडाया एलियट याने १८०४ साली घोडागाडीसाठी अशा कमानींचे पेटंट घेतले. त्यापूर्वी श्रीमंतांच्या बग्ग्या चामड्याच्या पट्ट्यांनी टांगलेल्या असत. सस्पेन्शन या इंग्रजी शब्दाच्या पोटात ते 'टांगणे' अजून शिल्लक आहे.

कमानीचा कायदा त्याहून जुना. रॉबर्ट हूकने १६७८ साली तो मांडला: जितका भार, तितकी वाकण. भार दुप्पट केला की वाकण दुप्पट. समजा, एखाद्या पिकअपच्या मागच्या दोन्ही कमानी मिळून दर सेंटिमीटरला १२० किलो भार घेतात. तिच्या मागच्या आसावर १,२०० किलोचे घरकुल ठेवले तर गाडीचे बूड १० सेंटिमीटर खाली बसणार. याचे परिणाम तिघांना भोगावे लागतात. बूड बसले म्हणजे तोंड वर होते. दिवे आभाळाकडे पाहू लागतात आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. पुढच्या चाकांवरचा भार हलका झाला तर सुकाणू सैल लागते. आणि खड्डा आला की कमानीला वाकायला जागाच उरत नाही. आस वरच्या रबरी ठोकळ्यावर आदळतो आणि आतली माणसे बैलगाडीच्या युगात परत जातात.

भाच्याची गाडी

माझा भाचा कोलोरॅडो राज्यात डेन्व्हरजवळ राहतो. नवरा-बायको आणि दोन मुले. दोन वर्षांपूर्वी त्याने पाऊण टनी म्हणतात त्या वर्गातली पिकअप घेतली आणि तिच्यावर एक वापरलेले घरकुल चढवले. या 'पाऊण टना'ने वाचकांनी फसू नये. ते जुन्या काळचे नाव आहे, आजची अशी गाडी त्याहून कितीतरी अधिक ओझे वाहते.

डेन्व्हरहून पश्चिमेला जाणारा सत्तर क्रमांकाचा महामार्ग आयझेनहॉवर बोगद्यातून जातो. त्याची उंची ११,००० फुटांच्या वर. आपले कळसूबाई शिखर त्याच्या निम्म्यानेही नाही! बोगदा ओलांडला की शंभर फुटांना सात फूट असा उतार लागतो. ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांनी घुसून थांबावे म्हणून बाजूला खडीचे चढ करून ठेवलेले आहेत. पहिल्याच सहलीत त्या उतारावर, वळणावर, घरकुल डाव्या अंगाला कलले, मग उजव्या अंगाला, मग पुन्हा डाव्या. मागच्या बाकावर मुले गप्प झाली. धाकटीने विचारले, "बाबा, घर पडतंय का?" गाडी खाली नीट उतरली, पण तो प्रश्न भाच्याच्या मनातून उतरेना.

त्याने ओळखीच्या एका दुरुस्तीवाल्याला गाडी दाखवली. तो म्हणाला, "मागे एक पाटा वाढवू, हवेच्या उशा बसवू, चिंता मिटली." भाच्याने दोन्ही करून घेतले. पुण्याला फोन करून त्याने आईला, म्हणजे माझ्या ताईला, आनंदाने सांगितले, "आई, गाडीला पाटा वाढवलाय!" ताई म्हणाली, "बरं झालं, वरवंटा मी घेऊन येते." ती दिवाळीच्या सुमारास त्याच्याकडे जाणार होती.

गाडी आता सरळ उभी राहू लागली. भाचा खूष होता. पण त्याच्या बायकोने एक साधा प्रश्न विचारला, "गाडी सरळ दिसते हे खरं. पण चाकांवरचं ओझं कमी झालं का?"

वाचकहो, या सगळ्या विषयाची किल्ली त्या एका प्रश्नात आहे.

कोणता उपाय काय करतो?

मी गेल्या उन्हाळ्यात त्यांच्याकडे असताना या उपायांची रोज चर्चा चाले. ऐकता ऐकता मला जे उमगले ते असे.

पाटा वाढवणे हा सर्वांत जुना उपाय. आपल्या महामार्गांवरच्या कमान दुरुस्तीच्या दुकानांतही तो चालतो. पाट्याच्या जाडीचा हिशेब चमत्कारिक आहे. एकाच जाडीचे पाटे दुप्पट केले तर कमान दुप्पट ताठ होते. पण पाट्याची जाडीच दुप्पट केली तर ती आठपट ताठ होते. आणि भरल्या गाडीला मानवणारी कमान रिकाम्या गाडीला सोसत नाही. ती रस्त्यावर उड्या मारू लागते. म्हणून शहाणे कारखानदार खाली एक जाड पाटा असा ठेवतात की, भार वाढून कमान पुरेशी वाकली तरच तो कामाला लागावा.

हवेच्या उशा म्हणजे आस आणि सांगाडा यांच्यामध्ये बसवलेल्या भक्कम रबरी पिशव्या. घरकुल चढवले की हवा भरावी, उतरवले की कमी करावी. मात्र पूर्ण काढू नये, नाहीतर रबर चिमटते. डावी-उजवी पिशवी एकाच नळीने जोडली तर वळणावर दबलेल्या पिशवीतली हवा दुसरीत पळते आणि कलणारी गाडी अधिकच कलते. दोन्हींच्या नळ्या वेगळ्या हव्यात. भाच्याच्या गाडीत नळी एकच होती!

घर कलण्यावरचा खरा उपाय आणखी निराळा. दोन्ही चाकांना जोडणारी यू आकाराची पोलादी कांब आसाशी बसवतात. एक चाक वर आणि दुसरे खाली गेले की ती पिळली जाते आणि त्या कलाला विरोध करते. दोन्ही चाके एकदम वर गेली तर ती नुसती फिरते. म्हणजे ही कांब कल रोखते. ओझे एका किलोचेही उचलत नाही. शॉक ॲब्सॉर्बरचेही तसेच. तो कमानीचे झुलणे लवकर थांबवतो, भार पेलत नाही. लोक नवे शॉक ॲब्सॉर्बर बसवतात आणि गाडीची ताकद वाढली असे समजतात, ती निव्वळ समजूत आहे.

टायर सर्वांत खाली असतात म्हणून सर्वांत शेवटी आठवतात. साध्या मोटारीच्या टायरात दर चौरस इंचास सुमारे ३५ पौंड हवा असते. अशा ओझ्यासाठी बनवलेल्या टायरांत ८० पौंडांपर्यंत भरतात. त्यांच्या बाजूच्या भिंती ताठ असतात, त्यामुळे घर कमी डुलते. टायरवर किती भार किती हवेवर चालेल, हे त्याच्या अंगावरच लिहिलेले असते. वाचायचे तेवढे कष्ट घ्यावे लागतात.

शेवटी, ओझे ठेवायचे कोठे? घरकुलाचा गुरुत्वमध्य मागच्या आसाच्या थोडा पुढे पडला पाहिजे. तो मागे गेला तर गाडी तराजूच्या दांडीसारखी वागते. मागचे पारडे खाली, पुढचे वर.

दारावरची पट्टी

इतके उपाय झाल्यावर कोणालाही वाटेल की, सगळे बसवून घ्यावे आणि हवे तेवढे घर वाहून न्यावे. येथेच खरा धोका आहे. प्रत्येक गाडीच्या चालकाच्या दाराजवळ एक पट्टी असते. भरलेल्या गाडीचे एकूण वजन किती असावे, पुढच्या-मागच्या आसावर किती असावे, हे कारखान्याने तिच्यावर छापलेले असते. हा आकडा एकट्या कमानीवरून ठरत नाही. आस, त्याचे बेअरिंग, चाके, टायर, ब्रेक, सांगाडा या सर्वांकडे पाहून तो ठरतो. तुम्ही कमान बदलली म्हणून बेअरिंग बळकट होत नाही आणि ब्रेकही मोठे होत नाहीत. उलट, गाडी सरळ उभी राहिल्यामुळे ओझे जास्त झाल्याची डोळ्यांना दिसणारी खूण नाहीशी होते. ताप उतरवणारी गोळी घेऊन रोगी कामावर जावा, तसे हे आहे.

अमेरिकन सरकारने १९७० नंतरच्या दशकात यासाठी नियमच केला. घरकुल बनवणाऱ्याने त्याचे पाणी-गॅससह वजन त्याच्यावर लिहावे आणि पिकअप विकणाऱ्याने किती वजन व गुरुत्वमध्य कोठे चालेल ते सांगावे. नियम आहे, पण वापरलेले घरकुल घेणारा माणूस पडदे पाहतो, बिछाना पाहतो आणि पट्टी पाहायची विसरतो.

सुनेच्या आग्रहावरून एके दिवशी आम्ही गाडी वजनकाट्यावर नेली. आपल्याकडे साखर कारखान्यावर उसाची गाडी काट्यावर चढते, तशीच. तेथे ट्रकवाल्यांच्या थांब्यांवर असे काटे असतात आणि पुढच्या-मागच्या आसाचे वजन वेगवेगळे मिळते. पाण्याची टाकी भरलेली, सामान भरलेले, चौघेजण आत. मी एकटा बाहेर उभा होतो.

गाडीला ओझे चालत होते १,३८० किलो. प्रत्यक्षात निघाले १,६५९. घरी येऊन सूनबाईंनी कागदावर मांडणी केली. जाहिरातीत घरकुलाचे वजन १,००० किलो होते; पण ते कोरडे वजन. त्यात ११५ लिटर पाणी, म्हणजे ११५ किलो. गॅसच्या दोन टाक्या ३४. दोन बॅटऱ्या ५०. छपरावरचे वातानुकूलन यंत्र आणि दारावरचे छत ७०. बांधण्याच्या साखळ्या आणि खिळी ३०. अंथरुणे, भांडी, कपडे, खाणे १५०. आणि चार माणसे २१०. एकेक आकडा निरुपद्रवी. बेरीज मात्र २७९ किलोंनी वर! मागच्या आसाची मर्यादाही थोडी ओलांडली होती.

भाचा बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "मामा, त्या दिवशी उतारावर घर पडत नव्हतं. आम्हीच त्याला पाडत होतो." घरकुल विकायचे ठरले तेव्हा मुले रडली. माळ्यावरचा तो बिछाना त्यांचा किल्ला होता. पण त्याच्या जागी आले ते छप्पर उचलता येणारे, कापडी भिंतींचे, ६५० किलोंचे. एकच बॅटरी, वातानुकूलन नाही, छत नाही. पाणी, सामान, साखळ्या आणि माणसे तीच. बेरीज आली १,२१४. बेताचे छप्पर उंचीला ठेंगणे, त्यामुळे कलही कमी. हवेच्या उशा राहिल्या, त्यांच्या नळ्या वेगळ्या केल्या, कल रोखणारी कांब बसवली, टायर बदलले. वाढवलेला पाटा काढून टाकला. ताई आणि तिची पेटी मिळून ८० किलो धरले तरी १,२९४ झाले, म्हणजे मर्यादेच्या आतच. ताईला हे कळवले तेव्हा तिने विचारले, "मग वरवंट्याचं काय करू?"

हिशेबाचे पथ्य

ही हौस आता आपल्याकडेही येऊ लागली आहे. मागच्या हौद्याची गाडी घ्यावी, वर झोपण्याची सोय करावी आणि कोकण, गोवा, लडाख गाठावे असे अनेक तरुणांना वाटते. त्यांना नाउमेद करण्याची माझी इच्छा नाही. पण ज्यांच्या गाडीत म्हातारी माणसे आणि मुले बसणार आहेत, त्यांनी क्रम उलटा करू नये. आधी दारावरची पट्टी वाचावी. मग सगळे सामान आणि सगळी माणसे यांसह गाडी काट्यावर न्यावी. घाटात उतरताना खालच्या गिअरमध्ये गाडी ठेवून इंजिनाला ब्रेकचे काम करू द्यावे. आणि बेरीज मर्यादेत बसल्यावरच कमान, उशी, कांब यांचा विचार करावा. चांगली कमान गाडीला रीत शिकवते, ताकद मात्र देत नाही.

विंचू पाठीवर बिऱ्हाड घेऊन हिंडतो खरा. पण निसर्गाने त्याला ते त्याच्या पाठीच्या मापाचे दिले आहे. ते माप ओळखणे माणसाला जमले, तर पाठीवरचे घरही सुखाचे घर होऊ शकते.